बुधवार दुपारचा सामना

स्कार्थवेल
२२ जुलै १९७३

मेव्हिस,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, हात वळला नाही. तेव्हा नुसतं नावच राहू दे.

बाबांच्या शवपेटीवर ठेवायला तू पाठवलेली फुलं पोचली. पांढरी लिली. सोबतच्या चिठ्ठीवर दोन नावं, तुझं आणि लेनचं, एकाखाली एक, नवराबायकोसारखी. चिठ्ठी मी चुलीत टाकली आणि फुलं चर्चच्या मागच्या भिंतीशी ठेवून दिली. लोक विचारत होते, धाकटी आली नाही का? मी म्हटलं, तिला यायला तोंड नाही. कोळसेवाले ऑर्मरॉड माझ्या कोपराला धरून म्हणाले, "विनिफ्रेड, आजच्या दिवशी तरी." मी म्हटलं, "आजच्याच दिवशी."

सव्वा वर्षात तुला एक अक्षर लिहिलं नाही. आता लिहिते, कारण तुम्हा दोघांना हे माझ्याकडून कळावं असं मला वाटतं. बाबांनी क्लब माझ्या नावावर केला आहे. मटणाचं दुकान, कणकेच्या कवचात मटण भरलेल्या मीट-पायची भट्टी आणि स्कार्थवेल टाउन फुटबॉल क्लब, तिन्ही. काल संचालकांची बैठक झाली. ऑर्मरॉडना चेअरमन व्हायचं होतं. ते म्हणाले, "बाईमाणसाने मीट-पाय भाजावेत, उगाच ह्यात पडू नये." मी म्हटलं, "तुमच्या बुटांचे पैसेसुद्धा त्या मीट-पायमधूनच येतात, ऑर्मरॉड. बसा." बसले.

लेनला सांग, त्याने टाकून दिलेला क्लब आता त्याच्या बायकोचा आहे. बायको म्हणजे मी. कागदावर अजून मीच आहे आणि घटस्फोटाच्या कागदावर मी सही करणार नाही. कायद्याने तुम्हाला पाच वर्षं थांबावं लागेल, तेवढं थांबा.

गेल्या वर्षी एल्डरमूर सिटीने त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं, तेव्हा जाताना तो आमचा कॉलिन व्हिटल घेऊन गेला. ते मला समजतं. असा गोल मारणारा पोरगा कुणीही नेईल. माझी बहीण का नेली, ते मात्र कळलेलं नाही. तुला चहासुद्धा धड करता येत नाही. आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालण्यापासून तुझ्या पहिल्या नोकरीच्या कोटापर्यंत सगळं मी केलं, आणि मी केलं म्हणूनच तुला काही करता येत नाही. ते आता त्याला कळत असेल.

तो गेल्यापासून आम्ही चौथ्या डिव्हिजनच्या तळाला आहोत. शेवटच्या चारांत आलो आणि लीगपुढे हात जोडून उभं राहावं लागलं, आम्हाला काढू नका म्हणून. यंदाही तसंच झालं तर काढतील. बाबा त्याच घोरानं गेले. डॉक्टर हृदय म्हणतात, म्हणू देत.

नवा मॅनेजर मी नेमला आहे. अर्नोल्ड टॅटरसॉल. आठवतो ना? आपला कॅप्टन. लेनने त्याच्या गुडघ्यात सुया टोचून टोचून त्याला खेळवला आणि गुडघा संपल्यावर मैदानात उतरायच्या बोगद्यात उभ्या उभ्या सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तो पावाची गाडी चालवत होता. मी गाडीपुढे आडवी उभी राहिले आणि विचारलं, "अर्नी, लेनवर राग आहे का अजून?" तो म्हणाला, "रोज जिना चढताना."

हे लेनला वाचून दाखव. काही गाळू नकोस.

विनिफ्रेड


१४ ऑक्टोबर १९७३

मेव्हिस,

उत्तर आलं नाही, तेही बरंच झालं.

हंगाम कसा चाललाय ते पेपरात वाचत असशील, म्हणून लपवत नाही. पहिल्या दहा सामन्यांत एक जिंकलो. दर शनिवारी गेटवर कुणीतरी ओरडतंच, "विने, आत जा आणि भट्टी बघ, काहीतरी करपतंय." एकाने तर मीट-पाय परत आणून दिला, म्हणाला संघासारखाच आहे, वर कवच आणि आत हवा. त्याला मी दुसरा पाय दिला आणि सांगितलं, पुढच्या शनिवारी ये.

ऑर्मरॉडना अर्नोल्डला काढायचं आहे. मी म्हटलं, आधी मला काढा. ते जमत नाही म्हणून ते रागाने पाइप ओढत बसतात.

अर्नोल्ड फार बोलत नाही. लेन कसा, खेळाडूंना खोलीत कोंडून तासभर शिव्या द्यायचा, दारापर्यंत ऐकू यायच्या. हा हरल्यावर सगळ्यांना माझ्याकडे पाठवतो. भट्टीपाशी बाकावर बसून पोरं गरम मीट-पाय खातात आणि कुणाचं काय चुकलं ते आपसांत भांडतात. परवा गोलकीपर हॅरी एंटविसल रडला. एवढा सहा फुटांचा बाप्या. त्याच्या हातून चेंडू निसटला होता. मी म्हटलं, "हॅरी, तू रडलास तर मलाही रडावं लागेल, आणि मी गेल्या वर्षीच ठरवलंय की आता नाही." तो हसला. काल आम्ही तीन-एकने जिंकलो.

एल्डरमूर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वरून पाचवे. पाहिलं मी. व्हिटलचा फोटोही पाहिला, आणि त्याच्यामागे लेन, उंटाच्या रंगाच्या नव्या कोटात. तो कोट तू घेतलास हे उघड आहे. त्याला स्वतःला कपड्यातलं काही कळत नाही आणि तुलाही फार कळत नाही.

विनिफ्रेड


१८ डिसेंबर १९७३

मेव्हिस,

कपच्या पहिल्या दोन फेऱ्या आम्ही काढल्या. पहिलीत एका हौशी संघाला घरच्या मैदानावर हरवलं, दुसरीत शनिवारी पावसात एक-शून्य. तिसऱ्या फेरीत मोठे संघ येतात, म्हणून काल दुपारी कोण कुणाशी खेळणार त्याचा ड्रॉ ऐकायला दुकानात ही गर्दी. काउंटरवर रेडिओ ठेवला होता. हॅरी आणि दोघं-तिघं पोरं कामावरची सुट्टी काढून आले होते. विजेची टंचाई आहे, तुमच्याकडेही असेल. गिरण्यांत आतापासूनच काम कमी आहे, नव्या वर्षापासून आठवड्यातून तीनच दिवस चालणार, त्यामुळे सुट्टी काढायला कुणाला अडचण नाही.

सगळ्यांना कुठलातरी बडा क्लब हवा होता, पेपरात नाव येईल असा. मी हातात सुरी धरून उभी होते आणि मनातल्या मनात एकच नाव घेत होते. देवाकडे मी बाबांसाठीसुद्धा इतकं मागितलं नाही.

रेडिओवरच्या माणसाने म्हटलं, "एल्डरमूर सिटी." मग पिशवीतले आकड्यांचे चेंडू हलवल्याचा खुळखुळाट. मग म्हटलं, "विरुद्ध, स्कार्थवेल टाउन."

सगळे माझ्याकडे बघत होते. गावात काय घडलं ते कुणाला माहीत नाही? शेवटी म्हाताऱ्या मिसेस शॉरॉक पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "विनिफ्रेड, मला अर्धा पौंड किडनी दे, आणि लेनची पण आणून दे." तेव्हा कुठे सगळे हसले.

अर्नोल्ड दारात उभा होता. मी विचारलं, "जमेल?" तो म्हणाला, "त्यांच्या मैदानावर जिंकायचं नाही. तिथे बरोबरीत सोडवायचं, म्हणजे त्याला फेरसामन्यासाठी इथे यावं लागेल." मला हे सुचलं नव्हतं. त्याला इथे आणायचं. बाबांच्या मैदानावर, माझ्या छपराखाली, सगळ्या गावासमोर.

तूही ये. तुझ्यासाठी जागा राखून ठेवते.

विनिफ्रेड


७ जानेवारी १९७४

मेव्हिस,

काल तू मला पाहिलंस. मी तुला पाहिलं. तेव्हा पाहिलं नाही असं नाटक नको.

मैदानावर दिवे लावायला बंदी म्हणून रविवारी, देवाच्या वारी, दुपारी सामना, हे बाबांना चाललं नसतं. पण वीस बस भरून गाव आलं होतं. चॅपलचे पाद्रीसुद्धा होते, म्हणाले आजारी माणसाला भेटायला निघालो आहे, कोण आजारी ते सांगितलं नाही.

तुमच्या चेअरमननी मला शेरीचा ग्लास दिला आणि विचारलं, "मिस्टर हार्गरीव्हज आमच्याकडे आले, तुम्हाला वाईट वाटलं असेल?" बिचाऱ्याला मी कोण तेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "माझे मिस्टर आहेत ते." त्याने स्वतःची शेरी पिऊन टाकली आणि मग माझीही.

पहिला गोल व्हिटलने मारला. लेन उठून उभा राहिला आणि वर तुमच्या रांगेकडे बघून हात हलवला. म्हणून मी तिकडे पाहिलं. तू उभी राहिलीस, टाळ्या वाजवायला. तुझा कोट पुढून उघडा होता.

पाचवा महिना असेल, नाही? की सहावा?

बारा वर्षं, मेव्हिस. बारा वर्षं तो मला सांगत आला, पोरंबाळं फुटबॉलवाल्याला परवडत नाहीत, आज इथे तर उद्या तिथे. मी ते ऐकलं. तुला तर मी सगळं सांगायचे. आपल्या स्वयंपाकघरात बसून, तू भांडी पुसताना, कुणाला न सांगितलेलं तुला सांगितलं आहे. ते सगळं माहीत असताना तू तिथे गेलीस आणि पोट घेऊन उभी राहून टाळ्या वाजवल्यास.

त्यानंतरचा सामना मला नीट आठवत नाही. शेवटी शेवटी आमच्या ग्रिमशॉने लांबून मारलेला चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून आत गेला आणि एक-एक झालं. माझ्या शेजारी ऑर्मरॉड रडत होते, मला मिठी मारत होते. मी तुमच्या रांगेकडे बघत होते. तू बसली होतीस आणि तुझा हात पोटावर होता.

बुधवारी इथे. दुपारी दोन वाजता, उजेडात.

विनिफ्रेड


१० जानेवारी १९७४

मेव्हिस,

आली नाहीस. तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती, पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसेल अशी. लोक बघत होते आणि मी बघू देत होते.

लेनने तुला काय सांगितलं असेल माहीत नाही, म्हणून मी सांगते.

गिरण्या बंद, त्यामुळे बुधवारची दुपार असूनही अख्खं गाव आलं. शाळा मास्तरांनीच सोडली. भिंतीवर माणसं, छपरावर माणसं. तुमच्या संचालकांना मी खांबामागच्या जागा दिल्या. चहा दिला, साखर संपली होती. मीट-पाय दिले, सोमवारचे. पाहुण्यांच्या खोलीतला बॉयलर पेटवला नाही. टंचाई आहे ना. तुमचा एक माणूस तक्रार घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "आमच्या पोरांनाही गार पाणीच आहे." हे खरंच होतं. फक्त आमची पोरं पाच मिनिटांत घरी जाऊन आंघोळ करू शकतात.

मैदान चिखलाने भरलेलं. ते मी केलं नाही, ते देवाने केलं.

लेन बोगद्यातून आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "विने." मी म्हटलं, "मिसेस हार्गरीव्हज. आणि चेअरमन." मागून कुणीतरी हसलं. त्याचा तो कोट पहिल्या पाच मिनिटांत गुडघ्यापर्यंत बरबटला.

अर्नोल्डने पोरांना एकच सांगितलं होतं: व्हिटलला चेंडू मिळाला तर मिळू द्या, वळू देऊ नका. अर्धा सामना तसाच गेला. गोल आमचाच आधी झाला, आणि तो बघण्यासारखा नव्हता. कोपऱ्यातून चेंडू आला, तुमच्या गोलकीपरच्या हातून निसटला आणि ग्रिमशॉच्या पोटावर आपटून आत गेला. त्याला कळलंसुद्धा नाही. तो खाली पडून श्वास घेत होता आणि त्याच्यावर दहा जण पडले.

शेवटी, सगळे घड्याळ बघत असताना, रेफरीने तुम्हाला पेनल्टी दिली. मारायला व्हिटल. ज्या हॅरीसमोर व्हिटलने चार वर्षं रोज सरावात पेनल्ट्या मारल्या, तोच हॅरी समोर उभा. व्हिटल धावत आला आणि मध्येच त्याने हॅरीकडे पाहिलं. तिथेच तो संपला. चेंडू डावीकडे गेला, हॅरी आधीच डावीकडे होता.

मी उठले नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. मी फक्त लेनकडे बघत राहिले, त्याने माझ्याकडे बघेपर्यंत. शेवटी त्याने पाहिलं. मेव्हिस, तेवढ्यासाठी मी पावणेदोन वर्षं जेवले आणि झोपले.

सगळं झाल्यावर अर्नोल्ड बाबांच्या खुर्चीत बसला आणि पाय लांब करून म्हणाला, "झालं, विनिफ्रेड. आता बरं वाटतंय." मी हो म्हटलं. मला अजून वाटत नव्हतं.

विनिफ्रेड


३ मार्च १९७४

मेव्हिस,

चौथ्या फेरीत पहिल्या डिव्हिजनवाल्यांनी आम्हाला पाच-शून्य हरवलं, ते तू वाचलं असशील. कुणाला वाईट वाटलं नाही. आमचा कप त्या बुधवारीच झाला होता.

तुमच्याकडे काय झालं तेही मी वाचलं. चौथ्या डिव्हिजनच्या संघाकडून हरलेला मॅनेजर त्यांना नको झाला. त्यानंतर ओळीने पाच सामने हरले आणि त्याला काढलं. बातमी कापून मी दुकानात लावली आहे, सॉसेजच्या भावांशेजारी. पेपरवाल्याने विचारलं, तुमची काही प्रतिक्रिया? मी म्हटलं, दु:खद, तीन वेळा लिहा.

गेल्या मंगळवारी लेन इथे आला होता. तुला म्हणाला असेल, कामाच्या शोधात चाललोय. इथेच आला, मैदानाच्या स्टँडखालच्या बाबांच्या कचेरीत, माझ्यासमोर बसून दोन कप चहा प्यायला.

कशाला आला होता ते त्यालाच विचार. मी सांगणार नाही.

विनिफ्रेड


२८ एप्रिल १९७४

मेव्हिस,

अखेर तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी, आणि त्यात दोन मागण्या. एक, मी त्या कागदावर सही करावी, म्हणजे बाळ येण्याआधी तुझं लग्न होईल. दोन, दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा एक क्लब लेनला मॅनेजर नेमण्याच्या विचारात आहे, त्यांचा फोन आला तर मी बरं बोलावं. 'तुझा राग माझ्यावर काढ, त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस' असं लिहिलं आहेस.

मग आता मार्चमध्ये जे सांगितलं नाही ते ऐक. तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं, तुला रात्रंदिवस कुरतडत राहावं म्हणून.

तो कचेरीत आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि म्हणाला, "विने, झालं ते चुकलं."

मी विचारलं, "काय चुकलं? मेव्हिस?"

"शब्दांत पकडू नकोस. मला घरी यायचंय. क्लब आपण दोघं चालवू. टॅटरसॉलला हाताखाली ठेवतो, त्याला काढणार नाही."

"आणि ती? सातवा महिना आहे तिला."

तर तो म्हणाला, "तिची व्यवस्था करू काहीतरी. मी कुठे मागितलं होतं पोर."

त्याच वेळी अर्नोल्ड चिखलाचे बूट घेऊन आत आला. लेनने त्याला हसून विचारलं, "गुडघा काय म्हणतोय, अर्नी?" अर्नोल्ड म्हणाला, "तू गेल्यापासून जास्त बोलत नाही." आणि दार उघडं धरून उभा राहिला, लेन उठेपर्यंत.

हे झालं. एक शब्द वाढवलेला नाही.

शुक्रवारी तो फोन आला. चेअरमन म्हातारे, सभ्य, चॅपलला जाणारे. म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही. तुमची परिस्थिती नाजूक आहे, पण त्यांना घ्यावं की नाही एवढं सांगा." मी रिसीव्हर अर्नोल्डच्या हातात दिला. म्हटलं, ज्याचा गुडघा घेतला त्यानेच सांगावं.

अर्नोल्ड म्हणाला, "कामाला चोख आहे, साहेब. घ्या." आणि फोन ठेवला.

मी त्याच्या अंगावर ओरडले. म्हटलं, तुला लाज नाही का. तो म्हणाला, "मला जे हवं होतं ते जानेवारीत मिळालं, विनिफ्रेड. त्या माणसासाठी मी आता आणखी जागा ठेवत नाही." आणि सरावाला निघून गेला.

तो गेल्यावर मी त्या चेअरमनना परत फोन लावला. सांगितलं, मघाशी बोलले ते आमचे मॅनेजर, भले गृहस्थ आहेत. मी लेनची बायको आहे. त्याच्याच बाळाच्या गरोदर बाईला टाकून यायला तो माझ्या दारात आला होता, हे तुम्हाला माहीत असावं. ते म्हणाले, "आभारी आहे," आणि मला कळलं की लेनचं ते काम गेलं.

अर्नोल्डला हे माहीत नाही. ऑर्मरॉडना नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे, कारण मीच केलं हे तुला माहीत असावं, दुसऱ्या कुणावर संशय जाऊ नये. तुझी दुसरी मागणी मी अशी पुरी केली.

पहिलीचं उत्तरही नाहीच आहे. पण आता ते वेगळ्या कारणाने. त्या माणसाशी तुझं लग्न लावून देणारी सही माझ्या हातची असणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यालाच समोर बसवून विचार, विनिफ्रेडकडे कशाला गेला होतास, आणि तो उत्तर देताना त्याच्या हातातल्या टोपीकडे बघ.

काल शेवटचा सामना झाला. हरलो असतो तर शेवटच्या चारांत गेलो असतो. दोन-दोन बरोबरी झाली आणि तळापासून पाचवे आलो, म्हणजे कुणापुढे हात जोडायची वेळ नाही. लोक मैदानात उतरले, अर्नोल्डला खांद्यावर घेतलं, तो गुडघा सांभाळा म्हणून ओरडत होता. ऑर्मरॉडनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांनी बघायला हवं होतं." मी घरी येऊन दार लावलं. एवढं सगळं जिंकले, आणि ते जाऊन सांगावं असं वाटलं तर एकच नाव तोंडात आलं, आणि ते तुझं होतं. मला त्याचा इतका राग आला की चहा ओतून दिला.

विनिफ्रेड


एल्डरमूर, प्रसूतिगृह
१९ मे १९७४

मेव्हिस,

ही चिठ्ठी नर्सच्या हाती पाठवते आहे. जिन्यापाशी अडवलं आहे, भेटीची वेळ नाही म्हणतात.

सकाळी इथून क्लबच्या कचेरीत फोन आला. मुलगी झाली, आणि जवळचं माणूस म्हणून तू माझं नाव दिलंस. नवऱ्याचा रकाना कोरा आहे, असंही त्या बाई म्हणाल्या. तुझ्या घरमालकिणीकडून बाकीचं कळलं. लेन कॅनडात कुठल्यातरी संघाला शिकवायला गेला. जाताना कोटही घेऊन गेला.

मी फोन केला नसता तर तो आज दक्षिणेला असता आणि तू त्याच्याबरोबर असतीस. हे मला माहीत आहे, तुलाही आहे. ते मी मागे घेत नाही. पुन्हा वेळ आली तरी तोच नंबर फिरवेन.

अर्नोल्डने पावाची जुनी गाडी मागून आणली आहे, मागे गादी टाकली आहे. तो बाहेर इंजिन चालू ठेवून बसला आहे, कारण एकदा बंद पडलं की ढकलावं लागतं, आणि त्याच्या गुडघ्याने ढकलणं होणार नाही. आईबाबांची खोली झाडून घेतली आहे. चूल पेटवून आले आहे.

तुला माफ केलेलं नाही. तसं समजून खाली येऊ नकोस. तुला जे बोलायचं आहे ते दोन वर्षं साठवलं आहे, आणि ते मी तुला घरी नेऊन, तोंडावर, सगळं बोलणार आहे. तुला परत उत्तर देता येईल इतकी ताकद आली की सुरुवात करीन.

इथली मोठी नर्स म्हणते, या वेळेला फक्त नवरा किंवा आई वर जाऊ शकते. मी म्हटलं, मग मला सोडा, मी आई आहे. तिने माझ्याकडे आणि माझ्या वयाकडे पाहिलं. तुला विचारायला ती आता वर येते आहे. काय सांगायचं ते तू ठरव.

मी खाली बाकावर बसले आहे.

विनी